ठोकेमास्तरांचे कान

"बाबा, ते वाजलं नाही."

लेक अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नळाखाली तारेचे ब्रश धूत बसली होती. मास्तर इकडे शेडमध्ये, सुताराच्या होडीच्या ट्रेलरखाली उकिडवे. मधे चांगलं पंचवीस पावलांचं अंतर. तरी तिला जे कळलं ते मास्तरांना कळलं नव्हतं, आणि त्यांचा कान तर हातोडीपासून वीतभर लांब होता.

"काय वाजलं नाही?"

"आताचा ठोका. भद्द आला. परत मारा बरं."

मास्तरांनी परत मारला. ठक. शेजारी मारला तेव्हाही ठकच झालं होतं.

"अहो, भद्द काय, फुटक्या मडक्यासारखं वाजतंय की!" ओले हात पँटला पुसत ती आलीच. तिने स्क्रूड्रायव्हर उचलला, पाइपाच्या पोटाला टेकवला आणि तळहाताने रेटला. वरून चंदेरी, डाग नाही की ओरखडा नाही, असा तो पाइप बिस्किटासारखा खचला आणि स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर ओढला तशी काळी, खारट वासाची राड तिच्या मनगटावर आली.

"बरं झालं, इथेच कळलं. सुतारकाकांना फोन करते," म्हणून ती आत गेली.

मास्तर तसेच बसून राहिले. सुताराच्या ट्रेलरची त्यांना काळजी नव्हती, तो आता शेडमधून हलणार नव्हता. काळजी होती ती काल संध्याकाळी इथून गेलेल्या ट्रेलरची.

होडीचा ट्रेलर म्हणजे चाकांवरची लोखंडी चौकट. होडी पाण्यात सोडायची तर तिलाही खाऱ्या पाण्यात उतरावं लागतं. लोखंडावर जस्ताचा मुलामा असतो म्हणून मालक निर्धास्त असतात. बाहेरून गंज दिसलाच तर घासून वर जस्ताचा रंग लावणं कुणालाही जमेल. पण चौकोनी पाइप आतून पोकळ. त्यात खारं पाणी शिरतं, पाणी निघून जायची भोकं चिखलाने बुजतात आणि गंज घरभेद्यासारखा आतून खायला लागतो. तो दिसत नाही, तो ऐकावा लागतो. धडधाकट पाइप ठण्ण वाजतो आणि आवाज थोडा वेळ मागे रेंगाळतो. खाल्लेला पाइप भद्द वाजून गप्प बसतो. तीस वर्षं मास्तर हेच करत आले होते. छोट्या हातोडीने वीतवीत अंतरावर ठोके मारायचे आणि सगळं ठीक असलं तर पुढच्या दांड्याखाली पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. धक्क्यावर त्या ठिपक्याला मान होता. जुना ट्रेलर विकत घेणारा आधी खाली वाकून ठिपका बघायचा, मग किमतीचं बोलायचा. लोकांनी नाव पाडलं ते ठोकेमास्तर. खरं नाव बहुधा फक्त बायकोला माहीत असावं, आणि ती काही ते घेत नव्हती.

एवढे मोलाचे कान, पण जपले मात्र नाहीत. शेडमध्ये दिवसभर ग्राइंडर किंचाळायचा. लेकीने कानांवर लावायची टोपणं आणून दिली, ती मास्तरांनी खिळ्याला टांगून ठेवली. "कान झाकले तर लोखंड कसं ऐकू येणार?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. लोखंड ऐकण्यासाठी म्हणून उघडे ठेवलेले कान ग्राइंडरनेच खाल्ले, तेही आतून.

आणि हे त्यांना माहीत होतं. खोटं कशाला बोला, वर्षभर माहीत होतं. आधी वाटलं, हातोडी झिजली. नवी आणली. मग वाटलं, नवी जरा हलकी आहे. तिसरी आणली. हातोड्या तीन झाल्या, आवाज एकच राहिला. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम बायकोने काढून घेतलं तेव्हा ते हसले होते. गेले सहा महिने ते ठोके नुसते मारत होते आणि ठरवत होते डोळ्यांनी. जस्त चकचकीत दिसलं की ठिपका.

कालचा ठिपका दातांच्या डॉक्टरांना दिला होता. मोठा गमत्या माणूस. "मास्तर, आपण एकाच धंद्यातले. मीही ठोकूनच बघतो."

"फरक एवढाच," मास्तर म्हणाले होते, "माझं गिऱ्हाईक ओरडत नाही."

दोघंही खूप हसले होते. मग डॉक्टरांनी सांगितलं होतं, "उद्या दहाला निघतो. घाट उतरला की तलाव. दोन्ही मुलींना पहिल्यांदाच होडीत बसवणार आहे."

डॉक्टरांचा ट्रेलर आणि सुताराचा ट्रेलर एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून आले होते. एकाच धक्क्यावरून खाऱ्या पाण्यात उतरत होते. घाटाच्या उतारावर अ‍ॅक्सलजवळचा पाइप मोडला तर चाक आत दुमडणार, आणि होडीचं सगळं ओझं गाडीला मागून ढकलणार. पुढे वळण, वळणाला कठडा, कठड्याच्या पलीकडे काही नाही.

सुताराचा पाइप खचला तेव्हा नऊ वाजले होते. त्याच क्षणी फोन करायला हवा होता. पण मास्तर एक गंजका बोल्ट घेऊन बाकावर बसले आणि घासत राहिले. डॉक्टरांचा ट्रेलर किती चकचकीत होता, असं ते मनाला सांगायचे. आणि सुताराचा? असं मन विचारायचं. फोन केला तर सांगावं लागणार होतं. सांगितलं की संपलं. धक्क्यावर बातमी पसरायला एक चहा पुरतो. मग ठोकेमास्तर कोण? एक बहिरा म्हातारा आणि तीन हातोड्या. बोल्ट हातातून दोनदा खाली पडला. दोन मुली. मोठीला पुढचे दात नव्हते. काल तिने शेडमध्ये येऊन "ही हातोडी माझ्या बाबांकडे पण आहे" असं सांगितलं होतं.

दहाला पाच कमी असताना ते उठले.

"पोरी, डॉक्टरांना फोन लाव. निघू नका म्हणावं."

"का? काल तर तुम्ही ठिपका दिलात."

"दिला. ऐकून नाही दिला." आणि मग, अजून समजलं नसेल म्हणून, "मला ठोके नीट कळत नाहीत. वर्ष झालं."

लेकीने त्यांच्याकडे बघितलं. "कमी ऐकू येतं हे मला माहीत होतं, बाबा. पण ठोके तरी कळत असतील असं वाटायचं." एवढं बोलून तिने फोन कानाला लावला. वाजला, वाजला आणि बंद पडला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना ती व्हॅनकडे धावत होती.

डॉक्टरांच्या घराचं फाटक बंद होतं. शेजारीण कुंड्यांना पाणी घालत होती. "गेले की! साडेनऊलाच निघाले. मुली कुठल्या थांबतायत?"

गावाबाहेरचा रस्ता, मग घाटाची चढण. लेक व्हॅन अशी हाणत होती की मागे अवजारांच्या पेट्या आपटत होत्या. मास्तरांनी दाराची मूठ धरली होती. प्रत्येक वळणाला ते आधी कठड्याकडे बघायचे, तुटला तर नाही ना म्हणून. मनात नको नको ते येत होतं, आणि आलं की ते पायाने व्हॅनची जमीन दाबायचे, जणू ब्रेक त्यांच्याच पायाखाली होता.

"एक तास," ते म्हणाले. "मी एक तास बोल्ट घासत बसलो."

लेक काही बोलली असेल तर ते त्यांना ऐकू आलं नाही.

शेवटच्या चढावर पांढरी होडी दिसली. लेकीने हॉर्न वाजवला, दिवे उघडझाप केले. डॉक्टरांनी खिडकीतून हात काढून ऐटीत पुढे जा म्हणून खूण केली. समोरून ट्रक येत होते, पुढे जायला जागा नव्हती. दोन किलोमीटर मास्तरांनी त्या ट्रेलरच्या डाव्या चाकाकडे बघत काढले. खड्डा आला की चाक आत कलायचं, आणि मग सरळ व्हायचं. होतंय का सरळ? झालं. पुढचा खड्डा. वळणावर गाडीच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, एक उड्या मारत होतं. मास्तरांनी आयुष्यात देवाकडे फारसं काही मागितलं नव्हतं. त्या दोन किलोमीटरांत त्यांनी सगळी थकबाकी मागून घेतली.

माथ्यावर रस्ता रुंद झाला. उतार तिथूनच सुरू होत होता. लेकीने व्हॅन पुढे घातली आणि आडवी लावली.

डॉक्टर चिडूनच उतरले, मग ओळखून हसले. "मास्तर! काही विसरलं का आमचं?"

"डॉक्टर, मला ऐकू येत नाही."

"बरं बरं," डॉक्टरांनी आवाज चढवला, "मी म्हटलं, काही विसरलं का!"

"तसं नाही हो. काल मला तुमच्या ट्रेलरचा ठोका ऐकू आला नाही. ठिपका मी अंदाजाने दिला. मुलींना आधी खाली उतरवा."

डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांच्या बायकोला गाडीत सगळं ऐकू गेलं होतं. ती उतरली, दोघींना दोन हातांना धरलं आणि डोंगराच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

मास्तरांनी खिशातली हातोडी काढली आणि लेकीला दिली. ती ट्रेलरखाली शिरली. ठक. ठक. ठक. मास्तरांना सगळे सारखेच. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. उजवी बाजू झाली, चेहरा तसाच. पुढचा दांडा झाला. डाव्या बाजूला अ‍ॅक्सलजवळ तिने एकदा मारलं आणि थांबली. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा अगदी हळू मारलं आणि वर बापाकडे बघितलं. तिला काय सांगायचं आहे ते मास्तरांना कळलं, आणि ते सांगणं तिला किती जड जातंय तेही कळलं.

"बोल," ते म्हणाले. "मोठ्याने बोल."

"गेलाय, बाबा."

स्क्रूड्रायव्हर मास्तरांनी स्वतः लावला. फार रेटावंसुद्धा लागलं नाही.

डॉक्टर वाकून त्या भोकाकडे बघत राहिले. मग उभे राहिले, उताराकडे बघितलं आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसले. म्हणाले, "न बघता मी पेशंटला दात चांगला आहे म्हणून सांगितलं, तर मला लोक दवाखाना उघडू देणार नाहीत."

"खरं आहे," मास्तर म्हणाले.

"माझ्या मुली होत्या हो गाडीत."

"होत्या."

डॉक्टरांच्या बायकोने मास्तरांकडे शेवटपर्यंत बघितलं नाही. लेकीने त्या तिघींना व्हॅनमधून घरी सोडलं. मास्तर आणि डॉक्टर क्रेनच्या गाडीची वाट बघत होडीच्या सावलीत बसून राहिले, मधे हातभर अंतर ठेवून.

त्या संध्याकाळी मास्तरांनी आठवून आठवून यादी केली. वर्षभरात ठिपका दिलेले सगळे ट्रेलर. तेवीस निघाले. त्यांनी एकेकाला फोन केला आणि सांगितलं, ट्रेलर वापरू नका, ठिपका खरा नाही, पुन्हा आणा, माझी लेक तपासेल. पलीकडचं नीट ऐकू येत नव्हतं म्हणून फोन स्पीकरवर ठेवून बायको शेजारी बसली.

"काय म्हणतोय?"

"शिव्या देतोय."

"देऊ दे. पण आणतोय का?"

"आणतो म्हणतोय."

"मग पुढचा लाव."

डॉक्टरांच्या ट्रेलरला चार दिवस लागले. लेकीने कुजका पाइप कापला, तेव्हा आतून गंजाचे पापुद्रे ओंजळभर निघाले. तिने चांगलं लोखंड लागेपर्यंत मागे मागे कापत नेलं. जोडाच्या जागेवरचं जस्त ग्राइंडरने उडवलं, कानांवर टोपणं लावून. नवा तुकडा जोडला, घासला, जस्ताच्या रंगाचे दोन हात दिले, पाणी निघायची भोकं मोठी केली. मास्तर तिला दिवा धरत होते, मागेल ते हातात देत होते. गोडं पाणी आतपर्यंत जावं म्हणून नळी कशी घालायची ते त्यांनी दाखवलं. तेवढं तिला माहीत होतं, तरी तिने बघून घेतलं.

पाचव्या दिवशी डॉक्टर आले. एकटेच. शेडच्या दाराशी उभे राहिले. गंमत केली नाही, पण ट्रेलर दुसरीकडेही नेला नाही.

लेकीने हातोडी घेतली. मास्तर नव्या जोडाशेजारी होते. त्यांनी पाइपावर तळवा टेकवला होता. ऐकू येणार नसलं तरी लोखंड थरथरतं ते हाताला कळेल, असं काहीसं मनात होतं. नाहीतर नुसती सवय असेल.

तिने एक ठोका मारला. कपाळाला आठी पडली. दुसरा मारला आणि ती थांबली.

"बाबा, हात काढा. आवाज दबतो."

तीस वर्षं हे वाक्य त्यांचं होतं. ट्रेलरला रेलून उभ्या राहणाऱ्या किती गिऱ्हाइकांना त्यांनी ते ऐकवलं असेल, कधी हसून, कधी खेकसून.

मास्तरांनी हात काढला. दोन पावलं मागे, डॉक्टरांच्या शेजारी जाऊन ते उभे राहिले आणि लेकीच्या चेहऱ्याकडे बघू लागले.