काडीवरचं नाव

चूक माझीच होती. आइस्क्रीमच्या काडीवर मी 'बीफस्टेक टोमॅटो' असं लांबीच्या बाजूने लिहिलं आणि काडी मातीत इतकी खोल खोचली की 'टोमॅटो' मातीखाली गेला. वर उरला नुसता 'बीफस्टेक'. बत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाला अर्धं नाव गडप झालेलं दिसू नये, यावर माझ्या बायकोचा, कुमुदचा, अजूनही विश्वास बसत नाही.

दुसरी चूक खताची. सोनाबाई आमच्या नवीन पनवेलच्या इमारतीच्या गेटाबाहेर मासळी विकायला बसते. गच्चीवर टोमॅटो लावतोय म्हटल्यावर तिने प्लास्टिकच्या पिशवीत माशांची मुंडकी बांधून दिली.

"मास्तर, ही मातीत पुरा. झाड छातीला लागला नाय तं मी सोनाबाई नाव लावनार नाय."

मी मास्तर नाही, हे तिला सांगायचं धैर्य मला दहा वर्षांत झालेलं नाही. मी मुंडकी पुरली.

बी आभाने, आमच्या मुलीने, पाठवलं होतं. एकेक फळ अर्ध्या-अर्ध्या किलोचं होतं, कापलं तर एका चकतीने अख्खा पाव झाकला जातो, असं ती म्हणाली. मी त्यावर दोन पुस्तकं वाचली. रंगाच्या तीन रिकाम्या बादल्यांना भोकं पाडली, रोपं पहिल्या पानांपर्यंत खोल लावली, बांबू बांधले, बगलेतले फुटवे खुडले. रोपं गुडघ्यापर्यंत आली आणि एके दिवशी इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या बादलीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "गच्चीवर हे काय पुरलंय? वास पण येतोय."

फोटोत काडी स्पष्ट दिसत होती. अक्षर वळणदार होतं, तेवढंच समाधान.

संध्याकाळी सोसायटीचा सेक्रेटरी प्रणित आला. तिशीतला, नम्र मुलगा.

"काका, खरं सांगा. खताला मांस घातलंत का?"

"मासे. फक्त मुंडकी," मी म्हणालो.

"आणि ते नाव?"

"टोमॅटोची जात आहे. फळ मांसल असतं, कापल्यावर तसं दिसतं, म्हणून…"

"मला कळलं हो. पण ग्रुपवर काय कळणार?"

मी माफी मागितली, बादल्या खाली नेतो म्हणालो. माफी का मागितली ते मला सांगता येणार नाही, सवय असावी. वर जाऊन सिलिंडरच्या चाकांच्या स्टँडवर एकेक बादली ठेवली, लिफ्टने खाली आणली आणि हॉलच्या खिडकीत मांडली. कुमुदने नाकाला पदर लावला. तिने जन्मात कधी अंडंही खाल्लेलं नाही.

"वास जाईल पंधरा दिवसांत," मी म्हणालो.

"वासाचं काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही त्याला सॉरी का म्हणालात?"

हॉलच्या खिडकीत सकाळी दोन तास ऊन येतं. रोपं उजेडाच्या दिशेने लांबत गेली, काटकुळी झाली. डिसेंबरात फुलं आली आणि देठाशी वाळून सतरंजीवर पडायला लागली. पुस्तकात कारण सापडलं. घरात वारा नाही, माशी नाही. टोमॅटोचं फूल हलल्याशिवाय त्यातला पराग सुटत नाही.

त्या दिवशी दुपारी मी फुलांपाशी बसलो होतो आणि हातातला फोन थरथरला. ग्रुप. "अशा लोकांना समज द्यायला हवी." मग दुसरा. मग अंगठा. मग हात जोडलेले. मी फोनकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं, आणि फोन दोन रबरांनी बांबूला बांधला.

आवाज बंद, थरथर चालू. दोन आठवडे मी एकाही संदेशाला उत्तर दिलं नाही, फोन तेवढा एका बादलीवरून दुसऱ्या बादलीवर हलवत राहिलो. कोणी लिहिलं की बांबू गुणगुणायचा आणि फुलांतून पिवळी पूड झडायची. कुमुद स्वयंपाकघरातून विचारायची, "आज फारच बोलतायत वाटतं?"

"बोलू दे," मी म्हणायचो. "अजून तिसऱ्या बादलीला पोचले नाहीत."

पाच फळं धरली. त्यातलं एक पहिल्यापासूनच मोठं, भोपळ्यासारखं घड्या पडलेलं. पण लिंबाएवढं होऊन ते थांबलं. खालची पानं पिवळी पडली. ऊन पुरत नव्हतं.

जानेवारीत प्रणित पुन्हा आला.

"काका, विषय थंड झालाय. बादल्या वर न्या. फक्त नाव तेवढं नको. 'मोठा टोमॅटो' लिहा. नाहीतर लिहूच नका, टोमॅटोला कुठे नाव लागतं?"

"हरकत कोणाची आहे?"

"तशी कोणाची नाही."

"तुमची?"

"माझी? मी सगळं खातो, काका! पण उद्या बाहेरच्या कोणी फोटो टाकला, चार माणसं गेटावर आली, तर? गच्चीची किल्ली माझ्याकडे आहे. नावाशिवाय आणा, लगेच उघडतो."

यात न पटण्यासारखं काय होतं? शब्द बदलणं हे तर माझं काम. छापखान्यात कोणी बरोबर शब्द चूक करायला सांगितला, तरी मी करून द्यायचो. एकदा एक बाई वडिलांच्या तेराव्याची पत्रिका घेऊन आली होती. नावाखाली तिने लिहिलं होतं, 'मिठागरात चाळीस वर्षं राबले.' मला ते वाक्य फार आवडलं होतं. संध्याकाळी तिच्या भावाचा फोन आला, ते काढा, 'उद्योजक' घाला. मी काढलं. पत्रिका न्यायला ती आली, वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि गेली. मिठागरं बुजली, त्यांवर इमारती आल्या. ते वाक्य मात्र कुठेच उरलं नाही, आणि ते मी माझ्या हाताने खोडलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"काय म्हणालात?" त्याला खरंच ऐकू गेलं नव्हतं.

"नाही. नाव काढणार नाही."

"मग किल्ली देता येणार नाही, काका."

तो गेल्यावर मी दार लावलं. कुमुदने पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "दोनदा 'नाही' म्हणालात. ऐकलं मी."

दुसऱ्या दिवशी बाथरूमची उरलेली एक पांढरी फरशी काढली. तिच्यावर काळ्या ऑइलपेंटने, आडवं, पूर्ण नाव लिहिलं. मोठ्या फळाची बादली स्टँडवर चढवली आणि गेटाबाहेर नेली. तिथली जागा सोसायटीची नाही, आणि ऊन नऊपासून दोनपर्यंत. फरशी बादलीला टेकवली, घडीची खुर्ची उघडली आणि पुस्तक घेऊन बसलो.

"काय मास्तर, धंद्याला बसले?" सोनाबाई म्हणाली.

"ऊन द्यायला आणलंय."

"झाडाला का तुमाला?"

पहिल्या दिवशी मी पुस्तकाचं एकही पान उलटलं नाही. येणारा-जाणारा फरशी वाचायचा, माझ्याकडे बघायचा. "हे काय?" कोणी विचारलं की मी पुटपुटायचो. सोनाबाईला ते सहन होईना. "मोठ्यान सांगा की! मी बोंबील काय कानात सांगून इकतंय?"

चौथ्या दिवशी मी पुटपुटणं सोडलं. रिक्षावाला, कुरिअरवाला, विमानतळाच्या कामावरून परतणारे दोघे, सगळ्यांना सांगितलं, "बीफस्टेक टोमॅटो. जात आहे ती." एक गृहस्थ म्हणाले, असली नावं आपल्याकडे चालत नाहीत. मी म्हणालो, "वाचता येतंय ना? मग चाललं." बोलून गेल्यावर मीच दचकलो.

तिसऱ्या मजल्यावरच्या भाविकाबेन थांबल्या. त्यांच्याकडे कांदासुद्धा येत नाही.

"काका, खरं सांगा, यात काही नाही ना?"

"मुळाशी माशांची मुंडकी होती. तुम्हाला चालणार नसेल तर खाऊ नका. नावात मात्र काही नाही."

त्यांनी विचार केला. "मग मी नाही खाणार," त्या म्हणाल्या. "पण फळ पूर्ण मोठं झालं की हाक मारा. बघायला येईन."

फळ वाढलं. फेब्रुवारीच्या शेवटी ते केशरी झालं, मग लाल, आणि इतकं जड की कुमुदने जुन्या साडीची झोळी करून बांबूला बांधली. सोनाबाईने आपल्या काट्यावर तोललं. सहाशे चाळीस ग्रॅम.

"ताजवा खोटा नाय माजा," ती लोकांना सांगत होती.

भाविकाबेन बघून गेल्या. कुमुदने घरून सुरी, ताट, वाटी आणि मीठ आणलं. पहिली चकती निघाली तेव्हा प्रणित आला. हातात गच्चीची किल्ली होती.

"काका, बादल्या वर ठेवा. नाव राहू दे. कोणी काही म्हणत नाहीये."

"आता नको," मी म्हणालो. "इथं ऊन चांगलं आहे."

कुमुदने त्याच्यापुढे ताट धरलं. त्याने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग चकती उचलली. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. मीठ घ्यायचं तो विसरला.

"काका," तो मनगट पुसत म्हणाला, "बिया द्याल थोड्या? बाल्कनीत लावीन."

बिया मी कापतानाच वाटीत काढल्या होत्या. त्या वाळल्यावर भरायला आणलेलं छापखान्यातलं एक जुनं पाकीट मी खिशातून काढलं, त्यावर पूर्ण नाव लिहिलेलं होतं.

"देईन," मी म्हणालो. "पण नावासकट. काडी बाहेरून दिसेल अशी लावायची."

त्याचा हात अर्धा पुढे आला होता, तो तिथेच थांबला. मी पाकीट मागे घेतलं नाही आणि पुढेही केलं नाही.

"बोल की रं," सोनाबाई म्हणाली. "माजं गिऱ्हाईक खोळंबलंय."