पहिल्याच रिंगला

तारवाल्याच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. इस्पितळात नोंदणीच्या खिडकीसमोरची रांग पार दारापर्यंत गेली होती, आणि खिडकीवाली बाई तारवाल्यावर तोंड सोडून बसली होती.

"आजोबा झालात, आनंद आहे. पण आधी हे बघा! नुसती चकरी फिरतेय. विम्याचं पान उघडत नाही, तपासणीचं पान उघडत नाही. लोक यंत्राला बोलत नाहीत, मला बोलतात."

"बघतो."

"बघतो बघतो करत तुम्ही निवृत्त व्हाल, आणि मी वेडी होईन."

तारवाला म्हणजे इस्पितळातले सगळे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या तारा सांभाळणारा माणूस. केस पिकले तरी हे नाव काही त्याला सोडत नव्हतं. मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, "बाई हळू आहे की यंत्र हळू आहे, ते पुराव्यानिशी दाखवा. बाई हळू असेल तर तिला धुलाईत पाठवतो, चादरी मोजायला."

आता यातली मेख अशी. संगणकाला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. कुठलंही पान उघडायचं झालं की तो आधी एका यंत्राला विचारतो, अमक्याचा पत्ता काय? गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या म्हाताऱ्याला परका माणूस घर विचारतो, तसंच. त्या पत्ते सांगणाऱ्या यंत्राला डीएनएस म्हणतात. हा म्हातारा रेंगाळला की मागचं सगळंच रेंगाळतं. तारवाल्याला संशय होता तो त्याचाच.

म्हणून त्याने एक मापणी बसवली. काडेपेटीहून जराशी मोठी डबी. तिचं काम एकच. थोड्या थोड्या वेळाने म्हाताऱ्याला पत्ता विचारायचा आणि उत्तराला किती वेळ लागला ते पडद्यावर रेघेने दाखवायचं. वेळेत आलं तर हिरवी रेघ, उशिरा आलं तर लाल. विचारायचं कुणाला, किती वेळाने, उशीर म्हणायचं कशाला, हे सगळं त्याने नीट भरलं. शेवटी कुठलं नाव विचारायचं त्याचा रकाना आला. तिथे त्याने इस्पितळाचंच नाव घातलं. हाताच्या सवयीचं तेच होतं.

रेघ हिरवी आली. संध्याकाळपर्यंत हिरवी, दुसऱ्या दिवशीही हिरवीगार.

साहेब हसले. "तुमचा म्हातारा तर तरणाबांड निघाला की! म्हणजे बाईच हळू."

त्या दिवशी बाई ओरडली नाही. धुलाईत जायला म्हणून पाण्याची बाटली आणि टेबलाखालच्या चपला पिशवीत घालताना एवढंच म्हणाली, "तुमची रेघ खोटं बोलते, तारवाले."

"रेघ कशाला खोटं बोलेल?" तो म्हणाला. पण डबा उघडल्यावर त्याला घास गोड लागेना.

डबा खाऊन झाला की अक्काला फोन करायचा, हा त्याचा कित्येक वर्षांचा नेम. आई गेली तेव्हा तो एवढासा होता. अक्कानेच त्याला न्हाऊमाखू घातलं, वाढवलं. आता ती दुसऱ्या गावी एकटीच राही, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. जुळं बघायला ती आली नव्हती. गुडघे कुरकुरतात म्हणाली. तेव्हापासून तिची काळजी त्याच्या मनात काट्यासारखी रुतून होती. पण एक गोष्ट पाहून त्याला धीर येई. पूर्वी ती मागच्या दारातून येईपर्यंत फोन वाजून वाजून दमायचा, आणि उचलल्यावर "आले रे, घोड्यावर बसून फोन करतोस का?" म्हणून खेकसायची. हल्ली पहिल्याच रिंगला उचलत होती.

"कशी आहेस अक्का?"

"बरी आहे. जुळी काय म्हणतात?"

"एक रडतं आणि दुसरं त्याच्याकडे बघत बसतं."

"बघणारं तुझ्यावर गेलंय."

"मी येऊन जाऊ का एकदा?"

"कशाला? मला पोचवायची घाई झालीय का तुला? लेक बाळंतीण आहे, तिच्याकडे बघ. मी बरी आहे."

हातपाय हलताहेत तिचे, असं म्हणून तो कामाला लागे.

एका संध्याकाळी बायको त्याला म्हणाली, "तुम्ही अक्कांना रोज तेच विचारता आणि त्या रोज तेच सांगतात. तोंडपाठ उत्तराला वेळ तो काय लागणार?"

तारवाला चपापला. पण त्याला अक्का दिसली नाही. त्याला मापणी दिसली.

सकाळी सगळ्यांच्या आधी तो इस्पितळात पोचला. चूक शेंबड्या पोरालाही कळावी इतकी साधी होती. मापणी पुन्हा पुन्हा एकच नाव विचारत होती. म्हाताऱ्याला तो पत्ता पाठ झाला होता, तो जागचा न हलता सांगून टाकत होता. बाईला मात्र बाहेरची, रोज नवी नावं लागत. त्यांच्यासाठी म्हाताऱ्याला बाहेर चौकशी करावी लागे, आणि तिथेच सगळं अडत होतं. तारवाल्याने तो रकाना बदलला. दर वेळी वेगळं नाव विचार, बाहेरचं, आधी न विचारलेलं.

रेघ ताडकन उठली. लाल.

मग कारणही सापडलं. बाहेर ज्यांच्याकडे चौकशी करायची, त्यांत पहिला पत्ता होता एका कधीच बंद पडलेल्या यंत्राचा. म्हातारा दर वेळी आधी त्या मेलेल्याला हाक मारी, उत्तराची वाट बघे, आणि मग जिवंताकडे वळे. तारवाल्याने तो पत्ता काढून टाकला. रेघ खाली आली, हिरवी झाली, आणि या खेपेला ती खरी होती.

साहेब नुसतं "हं" म्हणाले. बाई खिडकीवर परत आली.

"चुकलं माझं," तारवाला म्हणाला.

"चादरी निदान ओरडत तरी नव्हत्या," बाई म्हणाली आणि पुढच्या माणसाचं कार्ड घेतलं.

दुपारी त्याने अक्काला सगळी हकिगत रंगवून सांगितली. एकच प्रश्न विचारला तर उत्तर कसं झटकन येतं, आणि माणूस कसा फसतो. अक्का ऐकत राहिली. मग बारीक आवाजात म्हणाली, "हुशार आहेस रे धाकल्या. आई असायला हवी होती."

"तू बरी आहेस ना?"

"बरी आहे."

त्याने समाधानाने फोन ठेवला. पुढेही रोज तेच विचारत राहिला.

मग एका दुपारी अक्काच्या फोनवरून शेजारीण बोलली. "त्यांनी सांगू नका म्हणून शपथ घातली होती. पण आता मला राहवत नाही. या तुम्ही."

घराचं दार नुसतंच लोटलेलं होतं. खाट आतल्या खोलीतून फोनच्या भिंतीपाशी आणली होती. तिच्यावर अक्का होती, म्हणजे अक्काएवढं काहीतरी होतं. पोटातला रोग. डॉक्टरांनी हात टेकले होते. शेजारीण म्हणाली की जुळं जन्मलं त्याच्या आधीपासून त्या उठलेल्या नाहीत. फोन उशाशी होता. त्याची तार भिंतीवरून खिळ्या-खिळ्यांनी खाटेपर्यंत ओढून घेतलेली होती.

तारवाला त्या तारेकडे बघत राहिला.

"उचलायला उशीर झाला की तू काळजी करायचास," अक्का म्हणाली. "म्हणून जवळ घेतला."

"मला सांगायचं नाहीस?"

"तू विचारायचास, तेवढ्याचं सांगायचे." मग थोडा दम खाऊन, "रागावू नकोस. घरात बाळं आली होती. तुला आनंदात बघायचं होतं रे."

त्याला खूप विचारायचं होतं. काय खाल्लंस, कुठे दुखतं, पाणी कोण देतं. एकेक विचारत गेला. प्रत्येक उत्तराला आता वेळ लागत होता. तो थांबत होता.

जुळी रांगायला लागली त्याच आठवड्यात, सोमवारी, उजाडल्यावर अक्का गेली.