विहाराच्या फाटकापर्यंत

मी सहाबदीन गवयाची टोपी बोलतेय. काळ्या मखमलीची, आतून केसांच्या तेलानं कडक झालेली.

श्रीलंकेतल्या आमच्या वेलिगामात बुद्धाची गाणी त्यांच्यासारखी कुणी गायली नाहीत. शुक्रवारी मशिदीत मी त्यांच्या डोक्यावर असायची. पौर्णिमेला विहारात मात्र उघड्या डोक्यानंच जायचं. फाटकाशी ते चपला काढायचे, मग मला काढून धाकट्या भावाकडे, नलीमकडे द्यायचे. "सांभाळ रे." आणि ती ठेंगणी, धापा टाकणारी बाजाची पेटी त्यांच्या मांडीला खेटून आत! मी नलीमच्या खिशात. नुसता जळफळाट व्हायचा.

नलीमही जळायचा. थोरल्या भावाला तो नाना म्हणायचा. "नाना, माझ्यासाठी कधी गायलास असं?"

"दुसऱ्या ओळीला घोरतोस की तू!" थोरला हसायचा.

रमजानच्या आधी नाना गेले. वेसाक, म्हणजे बुद्धपौर्णिमेचा सण, जवळ आला तसे विहारातले म्हातारे भन्ते घरी आले. गावातल्या पोरींना नानांची गाणी शिकवायची होती, त्यासाठी पेटी हवी होती.

नलीम भडकला. "आवाज तर तुम्हीच नेलात! रस्त्यावर दर भोंग्यातून तोच येतो, मी कान कुठे लपवू? आता पेटीही न्या! भाऊ माझा होता."

 भन्ते म्हणाले, "बाळा, आम्हाला त्याचं गाणंच मिळालं. तो घोरायचा कसा, ते तुलाच ठाऊक."

"रेड्यासारखा," नलीम म्हणाला. हसायला गेला आणि ढसाढसा रडला. मग त्यानंच पेटी उचलून दिली. "डावीकडची काळी पट्टी अडकते. हळू दाबायला सांगा."

गेली एकदाची सवत! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

वेसाकच्या संध्याकाळी नलीमनं मला घातलं. मी त्याच्या कानांपर्यंत उतरले. फाटकाशी त्यानं मला काढून खिशात ठेवलं. आत कंदिलांखाली पोरी गात होत्या, पेटी धापा टाकत होती. गाणं नानांचं होतं, आवाज त्यांचा नव्हता. नलीमच्या मुठीत मी चुरगळून गेले.

परवा नानांच्या बायकोनं मला साबणाच्या पाण्याशी नेलं. नलीम धावत आला. "वैनी, नको! वास जाईल त्याचा!"

तेव्हापासून मी त्याच्या उशाशी आहे. गाणी पेटीला लाभोत, भोंग्यांना लाभोत. त्यांच्या डोक्याचा वास माझा आहे, आणि तो मी कुणाला देणार नाही. बायांनो, मला धुऊ नका.