मान वर करायची नाही

बाहेर युद्ध पेटलेलं, आणि आत दिवाणखान्यात श्रीमंत माणसं पत्ते कुटत बसलेली. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला तरी एकानेही मान वर करायची नाही. सिनेमा एवढाच. दिग्दर्शक त्याला युद्धविरोधी प्रयोग म्हणायचा. खरं युद्ध चालूच होतं. नट सगळे फौजेत गेलेले. म्हणून त्याने खऱ्याच श्रीमंतांना त्यांच्याच बंगल्यात कॅमेऱ्यासमोर बसवलं.

"आम्ही करायचं काय?" मालकीणबाईंनी विचारलं होतं.

"काहीच नाही."

"मग जमेल!"

कुणाचा पेला किती भरलेला, कुणाच्या हातात कुठलं पान, हे वहीत टिपून ठेवणं वहीताईचं काम. पुढच्या शॉटला तसूभर फरक पडता कामा नये. कॅमेरा चालू असताना ती शिंकसुद्धा गिळायची. अकरा वर्षांत तिचा आवाज एकाही फिल्मवर उमटला नव्हता, आणि याचा तिला भारी तोरा होता.

पण काही न करणं भलतंच अवघड निघालं. भोंगेवाल्याने कोपऱ्यातल्या भोंग्याचं हँडल फिरवलं की मालकीणबाई, त्यांची नणंद आणि धाकटा दीर, तिघांच्या माना टुणकन वर.

"बाई, तुम्हाला युद्ध ऐकू येत नाहीये!" दिग्दर्शक कळवळायचा.

"का? बहिरी आहे का मी?" नणंद फणकारली.

"मी मान नाही हलवली हं," दीर म्हणाला. "नुसत्या भुवया."

वहीताईने टिपलं: भुवया, दोन्ही.

सोळा वेळा हेच झालं. फिल्मचा एकच डबा उरला, आणि युद्धात नवा मिळणं शक्यच नव्हतं. हा शॉट गेला की सिनेमाच गेला. दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला, तेव्हा वहीताई त्याच्या कानाशी पुटपुटली, "त्यांना सांगा, भोंगा म्हणजे स्वयंपाकी रजा मागतोय असं समजा."

तालीम केली. भोंगा ठणाणला, पण तिघं ढिम्म! दिग्दर्शक वहीताईच्या पाया पडायचाच बाकी राहिला.

शेवटचा डबा चढला. कॅमेरा सुरू झाला. भोंगा वाजला, आणि एकही मान हलली नाही. दिग्दर्शकाने आनंदाने स्वतःची टोपीच दातांत धरली. वहीताईने शाबासकीच्या नजरेने भोंगेवाल्याकडे पाहिलं. त्याच्या एका हातात चहा होता, दुसऱ्यात बिस्किट. हँडलला त्याने हातही लावला नव्हता.

भोंगा बाहेरचा होता.

ओरडावं तर शॉट मेला, सिनेमा मेला, अकरा वर्षांचं मौन मातीत. आणि न ओरडावं तर ही तिघं जागची उठणारच नव्हती. तिनेच तर शिकवलं होतं!

"अहो, उठा! खरा भोंगा आहे! तळघरात चला!"

"रजा मिळणार नाही म्हणावं," दीर मान खालीच ठेवून म्हणाला.

तेव्हा मात्र, सेटवरची काडीही जागची न हलवणाऱ्या वहीताईने पत्त्यांचं टेबलच उलथलं. मालकीणबाईंच्या दंडाला धरलं, नणंदेला ढकललं आणि दिराला कॉलर धरून ओढत नेलं. मागोमाग सगळेच पळाले. कॅमेरा बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तळघरात धप्पकन हादरा बसला. वरती काचांचा खळखळाट झाला.

"माझ्याकडे चार राजे होते!" मालकीणबाई विव्हळल्या.

"तीन," वहीताई धापा टाकत म्हणाली. "वहीत आहे."

वर येऊन बघतात तो, नणंदेच्या खुर्चीत खिडकीची अख्खी काच येऊन बसलेली, आणि कॅमेऱ्यात संपलेल्या फिल्मचं टोक फडफडतंय. त्या डब्यात सगळं उतरलं होतं: वहीताईची किंकाळी, उलथलेलं टेबल, रिकाम्या खुर्च्या, काच. दिग्दर्शकाने त्यातलं एक चित्रही कापलं नाही.

सिनेमा लागला तेव्हा तिघं पहिल्या रांगेत नटूनथटून बसली होती. पडद्यावर भोंगा वाजला. दिराच्या रजेच्या वाक्यावर लोक खो खो हसले. पण दीर ते ऐकायला जागेवर होता कुठे? भोंग्यासरशी तिघंही उठून दाराकडे सुटली होती, आणि नणंद सगळ्यांत पुढे.

वहीताईने अंधारातच वही उघडली आणि टिपलं: माना, तिन्ही.