जम्मीची डहाळी

भगवंतराव पटेलांची गाडी पटेल स्वतःच चालवत, कारण ड्रायव्हरवर त्यांचा भरवसा नव्हता. शेजारच्या सीटवर कोण बसलं, यावरून तेलुगू मुलखातल्या भीमपूरकडच्या गावांना पटेलांची मर्जी कळे. सध्या तिथं देवाजी गुरुजी बसत. निवृत्त मास्तर, पटेलांची तेलुगू भाषणं तेच लिहून देत, आणि पटेल चुकले तर तोंडावर चुकले म्हणत. मागं बसणाऱ्या सुधाकररावांना हे ऐकूनच घाम फुटे. ते पटेलांची कापसाची जिनिंग सांभाळत, राहतं घरही पटेलांचंच. आधीचा मॅनेजर मर्जीतून उतरला, तेव्हापासून गावात न्हावीसुद्धा त्याची दाढी करत नव्हता.

दसऱ्याच्या संध्याकाळी बैठकीत सगळे ओळीनं वाकले, परातीत आपट्याचं सोनं टाकून मागं सरले. पटेलांनी परातीतून बारीक पानांची एक डहाळी चिमटीत उचलली. जम्मी, म्हणजे शमी. तेलुगू लोक दसऱ्याला हेच सोनं देतात, आणि यंदा मावला गावात ते घरोघरी वाटत होता नरसिंगराव, निवडणुकीत पटेलांविरुद्ध उभा राहणारा.

"कोन गेलतं मावल्याले?" पटेलांनी विचारलं. चहा घेणार का, असं विचारावं तसं.

सुधाकररावांचा हात खिशाकडे गेला आणि मधेच थांबला. खिशात पानं भरून दिली होती बायकोनं, प्रतिभानं. शेजारच्या तेलुगू मॅडम सकाळीच सोनं देऊन गेल्या होत्या. तिनं तेही त्यातच कोंबलं असणार. सांगून टाकावं? पण मग मॅडम नरसिंगरावाच्या कोण लागतात, हा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं.

"मी गेलतो," देवाजी गुरुजी म्हणाले. "दीक्षाच्या घरी. पोरगी राह्यते न तिथं."

गुरुजी या दिवशी पांढरे कपडे घालून येत, सगळ्यांना जयभीम करत. सोनं त्यांनी कधीच कुणाला दिलं नव्हतं. हे बैठकीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. प्रत्येकजण खाली सतरंजीकडे पाहू लागला. सतरंजी काही एवढी बघण्यासारखी नव्हती.

"मग आता तिथंच राहा, गुरुजी," पटेल म्हणाले. "पोरीजवळ."

गुरुजींनी चपला घातल्या. जाताना त्यांनी सुधाकररावांकडे एकदा पाहिलं. रागानं नाही, उत्तर येत असून हात वर न करणाऱ्या पोराकडे पाहावं तसं.

सकाळी गाडी जिनिंगच्या फाटकाशी आली. पटेलांनी पुढचं दार आतूनच उघडलं. सुधाकरराव बसले. गाव मागं पडल्यावर पटेलांनी कपाशीच्या कडेला गाडी थांबवली, डहाळी काढली, सुधाकररावांच्या खिशात नीट खोचली आणि वरून थोपटलं.

"तुमचीच हाये. पडताना पाह्यली मी. गुरुजीले तं काढाचंच होतं. पन तुमी आता कुठं जात नाही."

गाडी निघाली. सीट अजून गुरुजींच्या उंचीला मागं सरकवलेली होती. ती पुढं घ्यायची सुधाकररावांना हिंमत झाली नाही.