मोहरीएवढे पेले

१९७१ साल. मी अडतीस वर्षांची होते आणि कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात काचेची भांडी धूत होते. सोड्यानं हात सोलवटले होते. नमुन्यांच्या खोलीत मदतनीस हवा होता. तिथे देठ, केस बघून बुरश्या वेगवेगळ्या कपाटांत लावलेल्या असत; भांडी पोचवताना मी त्या पाहून ठेवल्या होत्या. तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या, "वाळक्या लाकडावरची पेल्यासारखी बुरशी शोधा आणि पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी घेऊन या. ज्याला ओळखता येईल, त्याला घेईन." नावं दोघांनीच दिली, पदवीधर कारकुनानं आणि मी. मला ती जागा हवीच होती.

हे पेले मोहरीएवढे असतात. महिनाभर मी सुतार नवऱ्याच्या लाकडांच्या ढिगात डोकं खुपसून होते. सासूबाई म्हणायच्या, "लोकांच्या सुना कचरा काढतात, आमची कचऱ्याला भिंग लावते!" नवरा मात्र धुण्याच्या दगडाजवळच्या फांद्या बाजूला काढून ठेवायचा. "घे, तुझ्या कपबश्या."

सोमवारी कारकुनानं मोठा लाल पेला आणला आणि लांबलचक नाव घडाघडा म्हणून दाखवलं.

"देठ आहे का?" बाईंनी विचारलं.

तो पुस्तक चाळू लागला.

मी काडेपेटी उघडली. आत फांदीचा तुकडा होता, पण त्यावर पेला एकही नव्हता. नुसते मळकट ठिपके.

"वहिनी, काडेपेटीत काड्याच असायच्या!" कारकून हसला.

मी घाबरले नाही. सकाळी धुण्याचे शिंतोडे उडाले की हेच ठिपके उघडायचे आणि दुपारच्या उन्हात पुन्हा मिटायचे. मी रोज पाहिलं होतं. "थोडं पाणी द्या," मी म्हटलं. दोन थेंब सोडले आणि हाताची घडी घालून उभी राहिले.

"आता काय, मोड येणार?" कारकून म्हणाला.

"थांब रे जरा," बाई म्हणाल्या.

दहा मिनिटांत ठिपके उघडले. आत अंड्याच्या बलकासारखा पिवळा रंग, कडेला पांढरे केस.

"नाव?"

"नाव माहीत नाही. पण देठ नाही आणि कडेला केस आहेत. म्हणून ही तिसऱ्या कपाटातली नव्हे, पाचव्यातली."

बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "उद्यापासून भांडी धुवायला दुसरं कुणीतरी बघतील," त्या म्हणाल्या.

कारकून पुढे परीक्षा विभागात मोठा अधिकारी झाला आणि त्यानं आपली मुलगी माझ्याच हाताखाली शिकायला पाठवली. बाईंची नजर शेवटी गेली. मी त्यांना नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून दाखवायचे. सासूबाई मरेपर्यंत शेजारणींना सांगत राहिल्या की आमची सून शास्त्रज्ञ आहे. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. त्याला भिंगातून कधीच काही दिसलं नाही, पण दरवेळी "वा!" म्हणायचा. मी एकवीस वर्षं त्या खोलीत काढून निवृत्त झाले. आता लेकीकडे असते. शनिवारी शेजारच्या बायकांना बागेत नेते. पहिल्या दिवशी कुणालाच काही दिसत नाही. दुसऱ्या शनिवारी त्या माझ्याआधी वाकतात.