दुसरा भाग आणि चौथा मजला

मी एक जुनी टोपली आहे. रशीद गावातल्या एका म्हातारीने खजुराच्या पात्यांपासून मला विणले. विणताना ती सारखी म्हणायची, ही टोपली खजूर घेऊन लांबलांबच्या बाजारांना जाईल. पण मित्रांनो, टोपलीचे नशीब विणणाऱ्याच्या हातात नसते. अलेक्झांड्रियाच्या एका गल्लीत चौथ्या मजल्यावर माझ्या दोन्ही कानांत दोर ओवला गेला आणि त्या दोराचे दुसरे टोक सज्जाच्या कठड्याला पक्के बांधले गेले. तेव्हापासून चार मजले वर आणि चार मजले खाली एवढाच माझा प्रवास. समोरच्या घरांच्या फटीतून समुद्राची एक निळी पट्टी दिसते. तिथपर्यंत मी कधी गेले नाही.

माझी मालकीण शाहिनाझबाई. तीस वर्षे तिने टेलिफोनच्या कचेरीत लोकांचे फोन जोडून देण्याचे काम केले होते. निवृत्त झाल्यावर एका पावसाळी दिवशी ती जिन्यात घसरली, तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर. कमरेचे हाड मोडले. हाड जुळले, पण बाईच्या मनातली भीती काही गेली नाही. दाराबाहेर पाऊल टाकायला गेली की ती उंबऱ्यावरूनच परत फिरायची. मग भाकरी, औषध, साबण, सारे काही माझ्यातूनच वर जाऊ लागले.

त्याच वर्षी आमच्या इमारतीच्या पायथ्याशी अम्म रिफअतने जुन्या पुस्तकांची फळी मांडली. अम्म म्हणजे काका. गल्लीतले सगळेच त्याला तसे म्हणत, आणि बाईला सित्त, म्हणजे बाईसाहेब. फळीवर बहुतेक रहस्यकथा आणि थरारकथाच असत. वाचून झालेले पुस्तक द्यायचे आणि दुसरे न्यायचे, असा त्याचा रिवाज होता. एके दिवशी बाईने माझ्यात चिठ्ठी टाकून मला खाली सोडले: "वाचायला काहीतरी द्या. रडकं नको."

अम्म रिफअतने चिठ्ठी वाचली आणि मान वर केली.

"असं कसं देऊ, सित्त? डॉक्टर नाडी बघितल्याशिवाय औषध देतो का? काल झोप लागली होती का?"

"झोपेचा आणि पुस्तकाचा काय संबंध?" बाई वरून ओरडली.

"अहो, आहे ना! रहस्यकथा विचारते, कोणी केलं? थरारकथा विचारते, वेळेत पोचतील का? आणि प्रेमातली रहस्यकथा विचारते, ज्याच्यावर जीव लावला तोच दगा देणार नाही ना? आज यातला कुठला प्रश्न तुम्हाला झेपेल, ते सांगा."

बाई कठड्यावरून वाकली. मग म्हणाली, "टेलिफोनवर मी लोकांची भांडणं ऐकली, प्रेमं ऐकली, धमक्यासुद्धा ऐकल्या. शेवट एकाचाही कळला नाही. त्यांनी फोन ठेवला की माझ्यासाठी संपलं. मला असं पुस्तक द्या, ज्याला शेवट आहे."

त्या दिवशी मी पहिले पुस्तक वर नेले आणि चार दिवसांनी दुसरे. जी पुस्तके मी वाहिली, त्यांतले एकही अक्षर मला वाचता आले नाही. बाई वरून ज्या शिव्या घालायची, त्यांवरून मला थोडे कळायचे. "पोस्टमास्तरवर मला पहिल्या पानापासून संशय होता!" असे ती ओरडली की खालून अम्म रिफअत कपाळावर हात मारायचा, "हळू! हमदीने अजून वाचलं नाही ते!" हमदी म्हणजे समोरचा इस्त्रीवाला. तो इस्त्री तशीच ठेवून दोन्ही कान झाकून घ्यायचा. एकदा त्यापायी एक सदरा जळाला.

गल्लीत माझे फार कौतुक व्हायचे. "टोपली आहे म्हणून बाईचं चाललंय," असे सगळे म्हणत. मी फुगून जायची. पण एकदा डॉक्टर आले आणि सज्जात उभे राहून म्हणाले, "हाड पक्कं झालंय. आता रोज जिना उतरा."

बाई हसली. "कशाला? सगळं तर वर येतंय."

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाईट वाटले. मी बाईची सोय होते. पण हळूहळू मी तिच्या दाराची कडी झाले होते. दोराच्या एका टोकाला मी अडकले होते आणि दुसऱ्या टोकाला ती. खाली उभ्या अम्म रिफअतनेही ते बोलणे ऐकले. तो मिशी चोळू लागला.

मग हिवाळा आला. आमच्याकडे हिवाळी वादळांना नावे असतात. त्या दिवशीच्या वादळाचे नाव होते कासिम. बाईने एका कादंबरीचा पहिला भाग वाचून संपवला होता. ती कथा दीपगृहाच्या रखवालदाराशी लग्न केलेल्या एका मुलीची होती. नवऱ्याचे पहिले लग्न जिच्याशी ठरले होते, ती मुलगी कुठे नाहीशी झाली, हे कोणालाच माहीत नव्हते. पहिल्या भागाच्या शेवटी ही नवी नवरी मनोऱ्यात कोंडली जाते आणि खालून कोणीतरी किल्ल्या वाजवत जिना चढू लागते. तिथेच भाग संपतो!

"दुसरा भाग पाठवा! आत्ताच्या आत्ता! माझा जीव वर अडकलाय!" बाईने मला सोडले. अम्म रिफअतने दुसरा भाग मेणकापडात गुंडाळून माझ्यात ठेवला. बाईने ओढायला सुरुवात केली आणि समुद्राकडून वाऱ्याचा असा झोत आला की मी गरगर फिरले. तिसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालायच्या लोखंडी दांड्या होत्या. माझा दोर त्यांना तीन वेढे घालून गच्च अडकला.

वरून ओढले तर वेढे आणखी आवळत. खालून हात पोचत नव्हता. तिसऱ्या मजल्याचे बिऱ्हाड लग्नासाठी दमनहूरला गेले होते, दाराला कुलूप होते. मी दांड्यांखाली अधांतरी लटकत राहिले, पोटात दुसरा भाग घेऊन. माझ्या अगदी शेजारी मात्र जिन्याची खिडकी होती. तिथून हात बाहेर काढला तर मी सहज हाती लागले असते. ती खिडकी त्याच वळणावरची, जिथे बाई पडली होती.

हमदी धावत आला. "दोन मिनिटांत काढतो!"

"थांब," अम्म रिफअत हळूच म्हणाला. त्याची नजर त्या खिडकीवर होती. "तुझी पाठ धरली आहे."

"माझी? छे! सकाळीच मी पंचवीस चादरी..."

"धरली आहे म्हणतो ना. कण्ह."

हमदीला उशिरा उमजले. त्याने कमरेवर हात ठेवला आणि असा विव्हळला की मांजरे पळाली. बाईने वरून बाकल्याच्या दाण्यांची उसळ विकणाऱ्याला हाक मारली, तर तो लंगडू लागला. पाचव्या मजल्यावरची उम्म शिरीन, म्हणजे शिरीनची आई, तिच्या टोपलीतून बाईला भाकरी आणि बाकल्याची उसळ सोडत होती, पण पुस्तकाचे नाव काढले की तिलाही चक्कर यायची.

"अख्खी गल्ली एकदम आजारी पडली?" बाई कडाडली. "मला काही कळत नाही असं वाटतं? अम्म रिफअत, तुमच्या फळीला वाळवी लागो!"

"आमीन, सित्त. पण दुसरा भाग खिडकीशीच आहे."

तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी बाई कठड्याशी आली, माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली. मला वाटले, हिच्यात आणि माझ्यात आता काहीच फरक उरला नाही. दोघींनाही जमीन दिसते, पण दोघींपैकी एकही तिथे पोचत नाही.

तिसऱ्या दिवशी तर तिने सज्जाचे दारही उघडले नाही. खाली अम्म रिफअतने एका गिऱ्हाइकाला भलतेच पुस्तक दिले. असे आजवर कधी झाले नव्हते. शेवटी तो उठला.

"चुकलो मी, हमदी. पुस्तकाने माणसाला ओढावं, कोंडू नये. मी स्वतः काढून वर नेऊन देतो."

"तुमचे गुडघे, अम्म!"

"ते माझे आहेत, मी बघतो."

तो इमारतीत शिरला. त्याच्या धापा जिन्यातून वर येऊ लागल्या. आणि मित्रांनो, त्याच वेळी वरूनही मला काहीतरी ऐकू आले. काठीचा एक ठोका. मग बराच वेळ शांतता. मग दुसरा ठोका. कोणीतरी पुटपुटत होते, "ती पोरगी मनोऱ्यात आहे... तिला तिथं सोडून कसं चालेल... उतर, शाहिनाझ, उतर..." ठोके वळणाशी आले आणि थांबले. मी श्वास रोखला असता, पण टोपलीला श्वास नसतो. मग खिडकी करकरली, एक काठी बाहेर आली, तिच्या वाकड्या मुठीने माझा कान पकडला आणि मला आत ओढले.

अम्म रिफअत वळणावर पोचला, तेव्हा बाई पायरीवर बसून मेणकापड सोडत होती. दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच जवळून पाहिले.

"वरून मला फक्त तुमची टोपी दिसायची," ती म्हणाली. "खाली एवढी मोठी मिशी असेल असं वाटलं नव्हतं."

"सित्त, मी माफी मागायला..."

"गप्प बसा. किल्ल्या घेऊन कोण चढतोय, ते कळू द्या."

तो चार पायऱ्या खाली बसला आणि खरोखर गप्प राहिला. खालून हमदी ओरडला, "सित्त, माझी पाठ बरी झाली! येऊ का वर?" वर फक्त पाने उलटत राहिली. दुपारची अजान झाली. शेवटी बाईने पुस्तक मिटले. शेवट काय होता, ते ती बोलली नाही. चांगला वाचक कधीच बोलत नाही. तिने एवढेच विचारले, "पुढचं कुठलं?"

अम्म रिफअत म्हणाला, "पुढचं खाली आहे."

बाईने उरलेल्या पायऱ्यांकडे पाहिले. एक हात भिंतीवर ठेवला, दुसरा काठीवर. तो पुढे एक एक पायरी उतरत होता, ती मागे. मला खिडकीतच विसरून दोघे खाली गेले. थोड्या वेळाने गल्लीतून एवढा गलका उठला की जणू ईदच होती.

आता बाई रोज खाली जाते. फळीशेजारी तिचे स्टूल असते. मी स्वयंपाकघरात टांगलेली आहे. माझ्यात कांदे असतात, आणि माझी पाती कोरडी पडून तुटू लागली आहेत. महिन्यातून एकदा कोणी पाण्याचा हात फिरवला तर मी आणखी टिकेन. वाईट वाटते का? वाटते थोडे. पण कोणाची तरी कडी होऊन झुलण्यापेक्षा कांदे सांभाळणे बरे.

मित्रांनो, तुमच्याही शेजारी असे कोणी असेल, ज्याचे सारे काही टोपलीतून वर जाते. त्याला भाकरी द्या, औषध द्या, त्यात कधी चुकू नका. आणि एखादी उत्तम रहस्यकथाही द्या, पण आधी त्याची झोप विचारा. पहिला भाग वर पाठवा. दुसरा भाग हातात धरून खाली उभे राहा. आणि फारच वेळ झाला, तर मान वर करून वाट बघत बसू नका. स्वतः जिना चढा.